आधी टक, मग उजेड

माझ्या नवऱ्याला राग येत नाही, ही गोष्ट लोक कौतुकानं सांगतात. सांगणाऱ्यांपैकी एकानंही त्यांच्याबरोबर तेहतीस वर्षं संसार केलेला नाही. घरातला नळ फुटला तर हे आधी चष्मा पुसतात. मग चपला घालतात. मग नळापाशी जाऊन उभे राहतात आणि म्हणतात, "हं." तोवर मी बादल्या, पातेली, जुनी पांघरुणं सगळं जमिनीवर मांडून, घसा कोरडा होईपर्यंत ओरडून मोकळी झालेली असते. यांचं अजून निदान चाललेलं असतं.

हे टेलिफोन एक्सचेंजमध्ये तंत्रज्ञ होते. निवृत्त झाले त्याच आठवड्यात त्यांनी जेवणाचं टेबल ताब्यात घेतलं. तेव्हापासून आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. टेबलावर वीज मोजायचे दोन मीटर, सोल्डरिंगचं सामान, स्क्रूंच्या सतरा डब्या आणि एक तेलाचा डबा. पहिल्या दिवशी तो मी स्वयंपाकघरात नेऊन ठेवला, तर हे जवळजवळ धावले. जवळजवळच. त्या तेलात एक जाड रेझिस्टर बुडवलेला असतो. त्याला डमी लोड म्हणतात. यंत्र तपासताना आवाज हवेत जाऊ नये म्हणून तो या डब्यात सोडायचा, तेल तापतं, बाकी कुणाला त्रास नाही. मला मात्र अशी कुठली सोय नाही. माझा आवाज हवेतच जातो.

यांच्या घराण्यात रेडिओ वडिलांनी आणला. मुलं तीन, तिघांकडून त्यांनी हौशी रेडिओचा परवाना काढवून घेतला. थोरले माझे मोठे भावजी, गेली पंचवीस वर्षं समुद्रापलीकडे. मधल्या माझ्या नणंदबाई, म्हणजे वन्सं, आमच्यापासून बसनं पाच तासांवर. आणि धाकटे हे. पहिल्या दोघांनी घराण्यातला सगळा आवाज वाटून घेतला, यांच्या वाट्याला काही उरलं नाही. वन्सं शाळेत खेळाच्या बाई होत्या. अख्खं मैदान त्यांनी आयुष्यभर शिट्टीशिवाय सांभाळलं. घरात त्यांना सगळे तोफ म्हणतात, तोंडावर म्हणतात, आणि त्यांना ते आवडतं.

तर या तोफेचं आणि मोठ्या भावजींचं अकरा वर्षं बोलणं बंद होतं. सासूबाई आजारी पडल्या तेव्हा त्या कुणाकडे राहणार यावरून दोघं फोनवर इतके भांडले, की शेवटी दोघांनीही "तुझं तोंड बघणार नाही" म्हणून फोन आपटले. आणि आमच्या घरात बोललेला शब्द पाळतात, हीच मोठी पंचाईत आहे. सासूबाई मात्र राहिल्या आमच्याकडे. गेल्याही आमच्याकडेच. भांडणाऱ्या दोघांपैकी कुणालाच त्यांना नेता आलं नाही. यांनी त्याबद्दल आजतागायत अवाक्षर काढलेलं नाही, आणि ते न काढल्याबद्दल मी यांच्याशी अनेकदा भांडलेली आहे.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी वन्सं रेडिओवर कुणाला तरी हाका मारत होत्या आणि पलीकडून मोठे भावजी उत्तरले. खरखरीतून कोण आहे हे कळेपर्यंत दोघं हवापाण्यावर बरंच बोलून गेले होते. मग कळलं, आणि आश्चर्य म्हणजे भांडण झालं नाही. का झालं नाही, ते यांनी मला एका वाक्यात सांगितलं होतं. "रेडिओवर एकाचं बटण दाबलेलं असताना दुसऱ्याचं ऐकू जात नाही." म्हणजे मध्ये तोंड घालायची सोयच नाही. आपलं पूर्ण बोलायचं, ओव्हर म्हणायचं, बटण सोडायचं आणि गप्प बसून समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायचं. फोनवर ही माणसं तिसऱ्या वाक्याला एकमेकांवर धावून जातात. व्हिडिओ कॉलही करून पाहिला, पण त्यात तर तोंडंही दिसतात. रेडिओवर मात्र दोन वर्षं, दर रविवारी सकाळी दहाला, भाऊ-बहीण माणसांसारखे बोलत होते.

एवढ्या लांब आवाज पोचवायचा तर रेडिओची स्वतःची ताकद पुरत नाही. त्याला अ‍ॅम्प्लिफायर लागतो. वन्संचा अ‍ॅम्प्लिफायर जुना, जड, आणि त्याचा सगळा जीव दोन ट्रान्झिस्टरांत. बोटाच्या पेराएवढे, पांढऱ्या टोपीचे, सोनेरी पायांचे. दोन्ही एकाच गुणाचे लागतात, म्हणून जोडीच घ्यायची. आणि ती जोडी बनवणाऱ्यांनी बनवणं कधीच सोडून दिलंय. हे पुढच्या सगळ्या वैतागाचं मूळ.

मग यंदा हे यंत्र सर्व्हिसिंगला आमच्याकडे आलं, साफसूफ होऊन परत गेलं, आणि तिसऱ्या रविवारी मेलं. वन्संचा फोन आला. म्हणजे मी स्वयंपाकघरात होते, फोन यांच्या कानाला होता, आणि मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"अरे, ठप्प झालं तुझं ते! दादाला नुसती हाक मारली आणि मेलं!"

यंत्र पुन्हा आमच्या टेबलावर. यांनी झाकण काढलं, मीटर लावला, आणि म्हणाले, "हं. दोन्ही गेले." खणातून राखीव ठेवलेली जोडी काढली, बसवली आणि पूर्ण एक सकाळ त्या तेलाच्या डब्यावर चालवून पाहिली. बटण दाबायचं, घसा साफ करायचा, माईककडे जरा वेळ बघायचं आणि मग पूजेला बसल्यासारखं म्हणायचं, "एक. दोन. तीन." दुपारपर्यंत माझ्या डोक्यात एक-दोन-तीन भिनलं. यंत्र ठणठणीत.

रविवारी दहाला वन्संनी बटण दाबलं, "दादा" म्हणाल्या, आणि "दा"वरच सगळं थंड.

झाल्या प्रकाराचा खुलासा करायला वन्संनी मोठ्या भावजींना फोन केला. हीच चूक झाली. फोन! तिसऱ्या वाक्याला भांडण लागलं. भावजींचं म्हणणं, तुला बोलायचंच नाही म्हणून यंत्राचं निमित्त सांगतेस. वन्संचं म्हणणं, तू मला खोटारडी म्हणालास. शेवटी ते म्हणाले, "तीन रविवार वाट बघतो. तिसऱ्याला आली नाहीस तर अँटेनाचा मास्ट, तो खांबच, उतरवून भंगारात देतो, आणि मग विषय संपला." आणि फोन आपटला. वन्संनी रडत रडत, पण त्याच आवाजात, हे सगळं आम्हाला सांगितलं. मी यांच्याकडे पाहिलं. आईच्या शेवटच्या दिवसांत न आलेला माणूस मास्ट उतरवायला मागेपुढे बघणार नव्हता.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"का जातात ते शोधायला पाहिजे," हे म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

पुढचे दोन आठवडे माझ्या आयुष्यात पुन्हा येऊ नयेत. हे बसनं वन्संकडे गेले. अँटेना तपासली, ती बरोबर. केबल इंचाइंचानं बघितली, बरोबर. वन्संच्या घरातला विजेचा दाब दर तासाला लिहून ठेवला. वन्सं फोनवर म्हणाल्या, "अगं, हा नुसता भिंतीवरच्या बटणाकडे बघत बसलाय!" मी म्हटलं, वन्सं, मी तेहतीस वर्षं बघतेय, तुम्ही दोन दिवस बघा. परत आल्यावर ट्रान्झिस्टरांखाली लावायची पांढरी पेस्ट आली संशयात. जास्त लावली तर उष्णता अडते, कमी लावली तर पोचत नाही. यांनी ती पुसली, परत लावली, परत पुसली. खालचा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा सपाट आहे की नाही ते काचेवर घासून पाहिलं. माझ्या टीपॉयच्या काचेवर.

"अहो, दिवस किती राहिलेत?" मी रोज विचारायची.

"मोजतोय," हे म्हणायचे.

मग नवी जोडी आली. बाजारात सुट्या भागांच्या एका दुकानात मिळाली. दुकानदार म्हणे छातीवर हात ठेवून सांगत होता, ओरिजिनल आहे. मी म्हटलं, सुटलो. हे मात्र ते दोन ट्रान्झिस्टर खिडकीपाशी नेऊन उलटेसुलटे करत बसले. मग माझ्याकडे आले आणि म्हणाले, "तुझं ते नखांचा रंग काढायचं औषध दे."

तेहतीस वर्षांत या माणसानं माझ्या नखांकडे बघितलेलं नाही. कापसाच्या बोळ्यावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन त्यांनी ट्रान्झिस्टरच्या टोपीवर दोनदा फिरवला, आणि कंपनीचं नाव, नंबर, सगळं बोळ्यावर आलं. खाली दुसरंच काहीतरी घासून काढलेलं होतं. मग माझ्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर खरा मेलेला आणि खोटा जिवंत दोन्ही तोलून दाखवले. खोटा दोन ग्रॅमनं हलका. माझं डोकं सणकलं. मी खलबत्त्यातला बत्ता आणला आणि म्हटलं, द्या इकडे, याच्या पोटात काय आहे ते मीच बघते. तेव्हा मात्र यांनी चटकन माझा हात धरला. "फोडायचं नाही. टोपीखालच्या पांढऱ्या पदार्थाची भुकटी छातीत गेली तर विष असतं." बत्ता परत गेला. राग मात्र कुठे न्यायचा ते कळेना.

शेवटचा रविवार तीन दिवसांवर आला. गुरुवारी सकाळी मी बाजारातून आले तर टेबलावर एक जोडी. पांढऱ्या टोप्या, सोनेरी पाय, टोकांना जुनं सोल्डर.

"ही कुठून आली?"

"एक बंद केलेलं यंत्र होतं. त्यातून काढली. खरी आहे."

"मग बसवा की! बसू आज दुपारच्या बसमध्ये!"

"शेवटची आहे," हे म्हणाले. "कारण कळल्याशिवाय नेली तर हीपण जाईल."

बरोबर होतं त्यांचं. म्हणूनच जास्त राग आला.

त्यांनी जोडी बसवली, पण वीज सरळ दिली नाही. मध्ये मोटारगाडीच्या पुढच्या दिव्याचा एक बल्ब जोडला. काही चुकलं तर सगळा जोर बल्बवर येईल, तो भडकेल, पण ट्रान्झिस्टर वाचतील. एवढं मला समजावून सांगितलं आणि बसले. बटण दाबायचं. आतून रिलेचा, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या खटक्याचा आवाज, टक. घसा साफ. माईककडे बघणं. "एक. दोन. तीन." बल्ब मंद पेटायचा, मंद विझायचा. गुरुवार असाच गेला. शुक्रवारी सकाळी पुन्हा तेच. टक. खाकरणं. एक. दोन. तीन. यंत्राला काही झालेलं नाही, आणि यांची तक्रार तीच.

अकराच्या सुमाराला वन्संचा फोन मी घेतला. पहिल्यांदाच त्यांचा आवाज मला नीट ऐकू येईना. त्या म्हणाल्या, "अगं, दादा खरंच उतरवेल गं. तू सांग ना त्याला काहीतरी." कुणाला सांगू, याला की त्याला, ते त्यांनी सांगितलं नाही. मी फोन ठेवला आणि खोलीत आले. हे टेबलाशी. टक. खाकरणं. "एक."

माझा बांध फुटला. "दोन दिवस एक-दोन-तीन करताय! तिकडे तुमची बहीण रडतेय! बायको बोलते ते ऐकू येत नाही, या डबड्याचं मात्र कान देऊन ऐकता. मग याच्यातूनच बोलते मी!" आणि मी यांच्या हातातला माईक हिसकावला, बटण दाबलं आणि जितका होता तितका आवाज काढून ओरडले, "अहो!"

बल्ब भडकला. सगळी खोली पिवळी झाली. मग टक असा आवाज आला. मग काहीच नाही.

माझ्या हातातून माईक पडला. शेवटची जोडी. मी खुर्चीत बसले, आणि मला वाटतं मी रडायलाही लागले होते. "मी मारलं," मी म्हटलं, "अहो, मी मारलं ते."

यांनी मीटर लावला. दोन्हीकडे टेकवून पाहिला. "जिवंत आहेत," म्हणाले. बल्बनं वाचवले होते. मग माझ्याकडे वळले. असा चेहरा मी फक्त मुलगी झाली तेव्हा पाहिला होता. माईक उचलून माझ्या हातात दिला.

"परत मार हाक."

"काय?"

"तशीच. जशी मारलीस तशी."

"अहो!"

भक्कन उजेड, मग टक.

"परत."

चाळीसदा. शपथेवर सांगते, चाळीसदा. ज्या माणसाला हाक मारून मारून माझा जन्म गेला, तो समोर बसून परत मार म्हणत होता. डमी लोडचं तेल कोमट झालं. खालच्या मजल्यावरचा शिंपी गळ्यात टेप लटकवून वर आला आणि दारातून म्हणाला, "काकू, काका बरे आहेत ना? मघापासून हाका मारताय, ओ देत नाहीत." हे म्हणाले, "देतोय. तुम्ही बसा." शिंपीही बसला, आणि दहा-बारा अहो त्यानंही ऐकले.

मग यांनी नोंदी करायचं पेन खाली ठेवलं आणि सांगितलं. यंत्राला दोन दारं असतात. आतलं दार रेडिओकडून आवाज आत घेतं, बाहेरचं दार तो अँटेनाकडे सोडतं. दोन्ही दारं उघडायचं काम रिले करतात. आतला छोटा रिले चपळ. बाहेरचा मोठा. हे बोलतात तेव्हा बटण, टक, दोन्ही दारं उघडी, मग आवाज. मी ओरडले तेव्हा बटण आणि आवाज एकदमच. आतलं दार उघडून आवाज घुसला, पण बाहेरचं अजून बंद. जायला वाट नाही. सगळा जोर ट्रान्झिस्टरांच्या अंगावर. त्यातून पहिल्याच अक्षराला रेडिओ गडबडून ठरवल्यापेक्षा जास्त ताकद सोडतो, मग सावरतो. मुंगीएवढा क्षण. पण ट्रान्झिस्टर मरायला तेवढा पुरतो.

"तुम्ही बोलता तेव्हा आधी टक, मग उजेड," मी म्हटलं. "मी बोलले की आधी उजेड, मग टक."

"ताई पण तशीच बोलते," हे म्हणाले. "बटण दाबायच्या आधीच तिचं तोंड उघडलेलं असतं."

"मग इतकी वर्षं कसं चाललं?"

यावर हे चष्मा पुसायला लागले. शिंप्यासमोर सांगायचं की नाही ठरवत असावेत. "सर्व्हिसिंगला आलं तेव्हा बाहेरचा रिले काळा पडला होता. मी बदलला. मजबूत टाकला. मोठा, दणकट, जन्मभर टिकणारा." मग म्हणाले, "पण सावकाश आहे. माझी चूक."

मी हसायला लागले ते थांबेचना. शिंपीही हसायला लागला, त्याला कळलं नव्हतं तरी. ज्या बाईला क्षणभर दम निघत नाही, तिच्या यंत्रात या माणसानं अगदी स्वतःसारखा रिले बसवला होता. दणकट, टिकाऊ आणि कशाचीच घाई नसलेला. दोन ट्रान्झिस्टर त्यानं मारले, आणखी दोन मारले, आणि वर घसा साफ करत दोन दिवस तपासणी चालली होती, काय बिघडलंय म्हणून.

दुपारी जेवून त्यांनी यंत्रात काहीतरी बसवलं. काय ते मी विचारलं नाही, मला झोप लागली होती. घसा बसला होता.

शनिवारी आम्ही बसनं निघालो. यंत्र मांडीवर, मध्ये उशी. कंडक्टर म्हणाला, हे वर ठेवा. हे म्हणाले, नाही. या माणसाचा "नाही" मी आयुष्यात फार कमी ऐकलाय. कंडक्टर पुढे गेला.

रविवारी साडेनऊला वन्संच्या खोलीत सगळं जोडून झालं. बल्ब आता मध्ये नव्हता. वन्सं खुर्चीत ताठ बसल्या होत्या, साडी नवी नेसल्या होत्या, जणू पलीकडून दिसणार होतं. हे त्यांच्यासमोर उभे राहिले.

"ताई, एक लक्षात ठेव. बटण दाबायचं. मनात एक मोजायचं. मग बोलायचं. आणि पहिला शब्द हळू. दर वेळी. विसरलीस तर ही शेवटची जोडी आहे."

"दर वेळी?"

"दर वेळी."

वन्सं इतक्या घाबरल्या होत्या की त्यांनी मान डोलावली. त्यांना मान डोलावताना मी पहिल्यांदा पाहत होते. त्या नेहमी तोंडानं हो म्हणतात.

दहा वाजले. लाऊडस्पीकरमधून नुसती खरखर. वन्संनी बटण दाबलं. टक. ओठ हलले, एक. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "दादा."

बटण सोडलं. यंत्र चालू होतं. त्याच्या मीटरचा काटा जाग्यावर होता. मी यांचा हात कधी धरला ते मला आठवत नाही. खरखर. काहीच नाही. वन्संनी पुन्हा दाबलं, पुन्हा ओठ हलले, पुन्हा तेच. परवान्यावरचं सांकेतिक नाव नियमाप्रमाणे आधी सांगायचं असतं, पण वन्सं ते नेहमी दुसऱ्या वाक्यात सांगतात आणि आज दुसरं वाक्य निघत नव्हतं.

मग खरखरीतून एक लांबचा आवाज आला. चढा, करकरीत. आमच्या घराण्यातला.

"कोण बोलतंय? ही जागा रविवारी दहाला माझ्या बहिणीची असते. ती येणार आहे. कृपा करून मोकळी ठेवा. ओव्हर."

वन्संच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि या बाईच्या तोंडातून शब्द फुटेना. शेवटी यांनी खांद्याला हात लावला. त्यांनी बटण दाबलं. ओठ हलले.

"अरे, मीच आहे."

मग आवाज आला तो चढलेला नव्हता.

"तोफ? तू आहेस? आवाजाला काय झालं तुझ्या? बरी आहेस ना गं? ओव्हर."

इतक्या वर्षांत मोठ्या भावजींनी हा प्रश्न कुणाला विचारल्याचं मला माहीत नाही. वन्सं म्हणाल्या, बरी आहे. एक मोजून म्हणाल्या. मग विचारलं, "मास्ट उतरवलास का रे?"

"पाना सापडत नाही," पलीकडून आलं. "तीन आठवडे शोधतोय. ओव्हर."

पाऊण तास बोलले. मध्ये एकदा सासूबाईंचा विषय निघाला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. पण वन्संना आधी बटण दाबायचं होतं, मग एक मोजायचं होतं, आणि तेवढ्यात त्यांच्या तोंडाशी आलेलं जे काही होतं ते बदललं. त्या म्हणाल्या, "मला तिला न्यायचं होतं रे. तुलाही न्यायचं होतं. धाकट्यानं नेलं." भावजी म्हणाले, "हो. त्याला सांग." काय सांग ते म्हणाले नाहीत. यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

परतीच्या बसमध्ये मला एकदम आठवलं.

"अहो, शुक्रवारी दुपारी त्या यंत्रात काय बसवलंत?"

"उशीर," हे म्हणाले. "बाहेरचं दार उघडल्याशिवाय आतलं उघडतच नाही आता. कुणी कितीही घाई केली तरी. आणि पहिल्या अक्षराचा जोरही बांधून टाकलाय."

मी दोन मिनिटं खिडकीबाहेर बघत बसले. मग माझ्या डोक्यात उजेड पडला.

"म्हणजे वन्संनी एक मोजायची गरजच नाही?"

"नाही."

"मग त्यांना दर वेळी मोजायला का सांगितलंत?"

"मोजतेय तर मोजू दे," हे म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. मुका म्हणतात याला सगळे. पक्का आतल्या गाठीचा माणूस आहे. मी घरी पोचेपर्यंत बोलले नाही, आणि ते यांच्या लक्षात आलं असेल असं मला वाटत नाही.

पुढच्या रविवारी दहाला मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या करायला गेले. हे आपल्या रेडिओपुढे बसले होते, हेडफोन लावून. बारीक आवाज बाहेरही येत होता. वन्सं बोलत होत्या, हळू. मग भावजींचा आवाज. "धाकटा ऐकतोय का? ऐकत असेल तर ये म्हणावं बोलायला. ओव्हर." हे हसले. जागचे हलले नाहीत.

"जा की," मी म्हटलं. "बोलावतायत ना?"

"माझा आवाज तिथवर पोचत नाही."

"का नाही पोचत? तुमचा अ‍ॅम्प्लिफायर..." आणि मी फळीकडे पाहिलं. यांचा स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर तिथेच होता, तीस वर्षांपासून असतो तसा. झाकण नुसतंच वर ठेवलेलं होतं, स्क्रू न लावता. मी ते उचललं. आत अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यावर, पांढऱ्या पेस्टच्या दोन चौकोनी खुणा. त्यांवर काही नव्हतं.

बंद केलेलं यंत्र.

माझ्या तोंडात इतकं काही आलं, की कुठून सुरुवात करावी कळेना. भाऊ-बहीण बोलणार, आणि हे ऐकणार. आई यांनी सांभाळायची, जोडी यांनी द्यायची, आणि वर कुणाला सांगायचं नाही. बायकोलाही नाही. मी जोरात ओरडणार होते. कसं कोण जाणे, मनात एक मोजलं गेलं.

"ऐकू तर येतंय की," हे म्हणाले.

मी झाकण परत ठेवलं. कपाटातून नेलपॉलिश रिमूव्हरची बाटली काढली, कापूस घेतला, वजनकाटा पिशवीत टाकला, आणि चपला घातल्या.

"कुठे निघालीस?"

"त्या छातीवर हात ठेवणाऱ्याकडे," मी म्हटलं. "आणि तो नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात. खरी मिळेपर्यंत घरी येत नाही. तुम्ही बसा."